छापखान्यापर्यंत जाऊन या

तुमच्या बँकेकडून आलेला शेवटचा ईमेल आठवून पाहा. तो बँकेनेच पाठवला होता, हे तुम्हाला कशावरून कळलं?

वरच्या चिन्हावरून, असं म्हणाल तर तो पुरावा नव्हे. चिन्ह कुणालाही चिकटवता येतं. माझे वडील तर चिन्हाकडे बघतही नाहीत. ते कागद खालून वाचायला सुरुवात करतात. तरीही गेल्या उन्हाळ्यात ते फसता फसता राहिले.

आमच्या घरात सगळेच खालून वाचतात. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते आणि युनियनच्या पत्रकांचं काम त्यांच्याकडे असायचं. लिहिणारे दुसरे असत; बाबा प्रुफं तपासायचे, गठ्ठे आणायचे, पाळी सुटताना गेटवर वाटायचे. मी अक्षरं शिकले ती याच पत्रकांवर. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना लागायची, त्यामुळे माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर ‘कंत्राटी कामगारांना कायम करा’ अशी मागणी होती. बाईंनी एकदा विचारलं, हे काय? मी म्हटलं, मागणी आहे. डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरलं की बाबा रजा टाकून मोर्चे बघायला जायचे आणि पिशवीभर पत्रकं घेऊन यायचे. अंगणवाडीतायांची, विणकरांची, विनाअनुदानित शिक्षकांची. जेवणं झाली की ती फरशीवर पसरली जायची आणि बाबा एकेक उचलून मला विचारायचे, “कोणं छापलं?”

मी तळाशी बघायची. तिथे बारीक टायपात मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव असतं. नसलं की ते पत्रक बाजूला जायचं, मागणी कितीही गोड असली तरी.

“ज्याले आपलं नाव लिहाची लाज वाटते, त्याचं आपण काहून वाचाचं?” बाबा म्हणायचे.

या शिस्तीमागे एका संपाची गोष्ट होती. संप ऐन भरात असताना एका सकाळी कॉलनीत पत्रक फिरलं, ‘संप मागे घेण्यात आला आहे, सर्वांनी तात्काळ कामावर हजर व्हावे.’ निम्मे लोक डबे भरायला लागले होते. बाबांनी खालची ओळ पाहिली, पत्रक खोटं असल्याचं ओळखलं आणि संप टिकला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की तिचं एवढंच उरलं होतं: खालची ओळ पाहिली आणि ओळखलं.

निवृत्तीनंतर आम्ही उत्तर नागपुरात, कामठी रोडच्या आतल्या वस्तीत राहायला आलो. तिथल्या समाजभवनाच्या माडीवर अभ्यासिका आहे. पोलीस भरती, रेल्वे, तलाठी, जी जी परीक्षा म्हणाल तिची तयारी करणारी पोरं तिथे बसतात. मुलींना वेगळी खोली हवी होती, कारण संध्याकाळी जागा कमी पडली की आधी त्यांनाच घरी पाठवलं जायचं. त्या खोलीच्या स्लॅबसाठी वस्तीनं वर्गणी जमवली. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी दिली, रिक्षावाल्यांनी दिली, नोकरी लागून पुण्याला गेलेल्या पोरांनी पाठवली. खजिनदार बाबा. अभ्यासिकेचं बँक खातं, त्याचा ईमेल आणि नेट बँकिंग, सगळं त्यांच्या फोनवर.

मे महिन्यातली दुपार होती. कूलर घरघरत होता, आई फरशीवर बसून लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होती, मी टेबलाशी एक लेख पुरा करत होते. बाबा फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून खुर्चीत बसले होते.

“पासवर्डात मोठं अक्षर कोणतं होतं वं?” त्यांनी विचारलं.

“कशाले पाहिजे बाबा?”

“बँकेनं पत्र पाठवलं. आपलं खातं आज बंद करून राहिले. केवायसीचे कागद अपुरे आहेत म्हणते.”

यात काही विचित्र वाटलं नाही, हेच तर वाईट होतं. अभ्यासिकेचा सचिव बदलला होता, नव्या सचिवाचे कागद बाबांनी त्याच आठवड्यात शाखेत दिले होते आणि स्लॅबवाल्या ठेकेदाराचा चेक वटायचा बाकी होता. चोरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते असे ईमेल हजारोंना टाकतात. कुणाचा ना कुणाचा कागद कुठे ना कुठे अडकलेला असतोच.

“वाचून तर दाखवा,” मी म्हटलं.

बाबांनी सवयीप्रमाणे तळापासून सुरुवात केली. बँकेचं पूर्ण नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, नोंदणी क्रमांक. त्याच्यावर एक सूचनाही होती, ‘आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका.’

“पाय, चोर असं लिहीन का? नाव, पत्ता, सगळं हाय. आठवलं आठवलं, मोठं अक्षर पहिलंच आहे.”

मी उठून जाईपर्यंत त्यांनी ईमेलमधलं निळं बटण दाबून उघडलेल्या पानात युजरनेम आणि पासवर्ड भरून टाकला होता. पान हुबेहूब बँकेचं होतं, तोच रंग, तेच कुलूप. आता ते ओटीपी मागत होतं आणि वर सेकंद उलटे पळत होते. तेवढ्यात फोन वाजला, ओटीपीचा मेसेज आला. बाबांनी तोही शेवटाकडूनच वाचला, आणि वर येता येता अडखळले.

“‘नव्या मोबाईलवर ॲप सुरू करण्यासाठी,’ असं लिहून आहे याच्यात. नवा मोबाईल कोणं घेतला?” त्यांनी आईकडे पाहिलं. “तू घेतला का?”

“हाव, घेतला ना. दोन घेतले. एक कैऱ्या फोडाले,” आई म्हणाली.

मी म्हटलं, “बाबा, हा आकडा टाकू नका. कोणीतरी आपलं खातं स्वतःच्या फोनवर उघडून राहिलं.”

“अन् नाही टाकला अन् खातं बंद झालं तर? चेक परत गेला तर? लोकं काय म्हणतीन, खजिनदार झोपला होता? टाइम संपून राहिला वं.”

“संपू द्या.”

“तुले काय होते बोलाले. खाली सगळं लिहून आहे ना. मी काय आज पत्रक वाचून राहिलो का? अख्खा संप वाचवला मी खालची ओळ वाचून.”

आईनं अडकित्ता खाली ठेवला. “तुम्ही वाचून नाही वाचवला. त्या पत्रकाच्या खाली तर नाव होतं, छापखान्याचं, कामठीच्या. तुम्ही सायकल काढली अन् कामठीले गेले. असंच ऊन होतं. त्या छापखान्यावाल्याले इचारलं, तो म्हणे हे माह्याकडलं नाही. मग तुम्ही परत आले. तोंड तव्यावाणी झालं होतं, रात्रभर मी कांद्याचा रस लावत होती. आता म्हणते वाचून ओळखलं.”

स्क्रीनवरचे सेकंद संपले आणि पान म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. बाबांनी फोन पालथा ठेवला आणि कपाटातून पासबुक काढलं.

शाखेचा नंबर पासबुकावर होता. ईमेलच्या तळाशीही एक नंबर होता. तो आम्ही लावला नाही. पलीकडच्या बाईंनी बाबांची ओळख पटवून नेट बँकिंग तिथल्या तिथे बंद केलं आणि खात्यातून काही गेलेलं नाही, असं सांगितलं. बाबांना फोनवरचं पुरलं नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, माझ्या स्कूटीवर मागे बसून ते शाखेत आले. तिथे त्या बाई म्हणाल्या की दुसऱ्याच कुठल्या फोनवरून आमचं खातं उघडायचा प्रयत्न झाला होता आणि ओटीपीपाशी अडला. केवायसीचे कागद तर त्यांच्या टेबलावर व्यवस्थित पडले होते. “आम्ही खातं बंद करायची धमकी देऊन बटण दाबायला सांगत नाही, काका,” त्या म्हणाल्या. तो ईमेल त्यांनी तक्रारीसाठी मागून घेतला आणि पासवर्ड बदलायला लावला.

परतल्यावर मी बाबांना तो ईमेल पुन्हा उघडून दाखवला. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव होतं. त्या नावावर बोट ठेवलं तसा त्याखालचा खरा पत्ता उघडला. परदेशातल्या कुठल्याशा चादरींच्या दुकानाचा. निळं बटण दाबून धरलं, तर त्यामागचा पत्ता तिसराच. सुरुवात ‘प्रिय ग्राहक’ अशी; अभ्यासिकेचं नाव ईमेलभर कुठे नाही.

“बँक चादरी कधीपासून इकाले लागली?” आई म्हणाली. बाबा हसले नाहीत.

मला त्या दिवशी राग चोरांचा आला, पण त्याहून जास्त त्या शब्दाचा आला, जो अशा वेळी आपल्या तोंडात तयारच असतो: अडाणी. फसला म्हणजे अडाणी, लोभी, म्हातारा. माझ्या बापानं आयुष्यभर कागद तपासले. लोभ त्यांना शिवला नाही. चोरांनी त्यांची जबाबदारीची भावनाच पकडली होती, दुसऱ्यांच्या पैशाची काळजी. आपण फसलेल्याला हसतो, म्हणून फसलेला गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की शेजारच्या घराला तोच ईमेल नवा असतो. चोरांची निम्मी मजुरी आपण फुकटात करतो.

संध्याकाळी समितीची बैठक बोलावून बाबांनी सगळं सांगितलं, पासवर्ड भरल्याचंही. नवा सचिव पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा आहे, जिभेला हाड नाही.

“काका, तुम्ही तर आम्हाले खालून वाचाले शिकवत होते,” तो म्हणाला.

“हाव. पण अर्धंच शिकवलं,” बाबा म्हणाले. “खाली नाव आहे का ते पाहाचं, अन् मग त्या नावापाशी आपल्या पायानं जाऊन इचाराचं. त्यानं दाखवलेल्या रस्त्यानं नाही. हे दुसरं मी खुद्द विसरलो होतो.”

अध्यक्षांनी सुचवलं, आता वस्तीत पत्रक काढू, पण तुमचं नाव नको, ‘एका ज्येष्ठ नागरिकाला’ असं लिहू. बदनामी कशाला.

“बिननावाचं पत्रक कोण वाचते गा?” बाबा म्हणाले. “माहं नाव टाका. खाली नको. वर, पहिल्या ओळीत.”

मजकूर मी लिहिला, प्रुफं बाबांनी तपासली. खजिनदार असूनही मी फसायला निघालो होतो, असं ते सुरू होतं. आम्ही ते घरोघर वाटलं. तिसऱ्या गल्लीतल्या एक मावशी पत्रक वाचून आत गेल्या आणि फोन घेऊन बाहेर आल्या. “भाऊ, हे पाहा बरं,” त्या बाबांना म्हणाल्या. “माह्या पोराले शरम येईन म्हणून सांगतलं नव्हतं.” तसाच ईमेल, दुसऱ्या बँकेच्या नावानं. त्यांनी अजून बटण दाबलं नव्हतं. बाबा त्यांच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, “पासबुक आणा.”

मुलींच्या खोलीचा स्लॅब टाकून झाला आहे. ठेकेदाराचा चेक वटला.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते या रविवारच्या आत पुरं करा. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाजवळ जाऊन बसा. त्याच्या पासबुकावरचा शाखेचा नंबर त्याच्या फोनमध्ये त्याच्याच बोटांनी टाकून घ्या. बँकेच्या नावानं काहीही आलं तर ते बंद करून आधी या नंबरवर विचारायचं, हे त्याच्याकडून एकदा करवून घ्या, तुमच्यासमोर, खरोखर फोन लावून. आणि तुम्ही स्वतः कधी फसला असाल, किंवा फसता फसता राहिला असाल, तर उठण्याआधी ते त्याला सांगा.