मेरीपानं मोडलेली प्रार्थना

सामोआतल्या त्या गावात प्रमुखापेक्षा त्याच्या थोरल्या वहिनीला, मेरीपाला, लोक जास्त टरकून असत. धबधबा आणि त्याखालचे पोहायचे डोह राखायचं काम गावानं तिच्यावर सोपवलेलं. संध्याकाळचा शंख झाला की डोहात माणूस दिसता कामा नये. घरोघर प्रार्थना, आणि ती संपल्याचा दुसरा शंख होईपर्यंत जागचं हलायचं नाही. एकदा एका घरची सून पळालेल्या डुकरामागं रस्त्यावर धावली, तर मेरीपानं तेच डुक्कर दंडात घालायला लावलं. ‘मेरीपाच्या घरी मरणसुद्धा शंख ऐकून येईल,’ असं बायका तिच्या माघारी म्हणत.

त्या संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली आणि तिच्या एकुलत्या एका लेकीची, लुपेची, चटई रिकामीच राहिली. पोट दुखतंय म्हणून मागच्या बाजूला पडून राहते, म्हणाली होती. मेरीपानं तिरक्या नजरेनं पाहिलं, तर दोरीवरचं पोहायचं वस्त्र गायब. राखणदारीण प्रार्थनेला बसलेली. पोहायला याहून बिनघोर वेळ कुठली!

‘ये तर घरी, तंगडंच मोडते,’ असं मनात म्हणत ती स्तोत्र गाऊ लागली. तेवढ्यात डोंगराकडून गार वारा आला, त्याला चिखलाचा वास होता. वर पाऊस कोसळत होता. लोंढा खाली यायला कितीसा वेळ लागतो! दीर डोळे मिटून प्रार्थना सांगत होता. त्याच्यासमोरून ती उठली आणि धावत सुटली.

वाटेवर पहाऱ्याला फेतू उभा होता, गळ्यात शंख. तो आडवा आला.

“काकू, मागं फिरा! अजून शंख व्हायचाय. तुम्हीच असं केलंत तर—”

“मेल्या, लुपे डोहात आहे! वरून पाणी येतंय!”

दोघं कड्यावर पोचले. खाली लुपे पाठीवर तरंगत होती, डोळे मिटून, मजेत. मेरीपा घसा फाटेस्तोवर ओरडली. धबधब्याच्या आवाजापुढं काही चालेना. वरून काटक्या, पालापाचोळा यायला लागला होता. पायवाट उतरेपर्यंत सगळं संपलं असतं. तिनं फेतूच्या गळ्यातला शंख हिसकला.

“काकू, अख्खं गाव उठेल!”

“उठू दे!”

पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा शंख वाजला आणि वाजतच राहिला.

लुपे दचकली. तिनं गावाकडं बघितलं, खडकाला धरलं आणि मागं न बघता वर चढू लागली. ती काठावर येते न येते, तोच तांबडं पाणी कोसळलं, त्यात मुळासकट झाड. डोह कुठला नि खडक कुठला, काही कळेना.

गाव धावत आलं.

“वहिनी, शंख तुम्ही वाजवलात?” दिरानं विचारलं.

“मीच. काय लावायचा तो दंड लावा, भाऊजी.” मेरीपानं लेकीला घट्ट धरलं होतं. “माझी बाई, कळलं ना तुला, लोंढा येतोय म्हणून वाजवला ते?”

लुपे थरथरत होती. “लोंढा? मला कुठं ठाऊक होता लोंढा! मला वाटलं, प्रार्थना संपली, आता तू येशील. तुला भिऊन पळाले, आई.”

लेकीच्या कपाळावरचे ओले केस सारायला मेरीपानं हात उचलला, तर पोरीनं डोळे गच्च मिटून मान आत घेतली.