सातवा फॉर्मा

मन्मथअप्पा गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, आमच्या भागातल्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर. कुणीतरी प्रकाशन समारंभातला फोटो टाकला होता. अंगावर शाल, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर भलत्याच लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा संकोच. खाली धडाधड जोडलेले हात येऊ लागले. 'मातीतला अस्सल कवी हरपला' असं एकानं लिहिलं. अप्पांनी जन्मात कविता लिहिली नव्हती. दुसऱ्यानं कादंबरीचं नाव 'चुलीपुढं' केलं. नाव 'चुलीपलीकडं' आहे, आणि त्या दोन शब्दांत एका बाईच्या आयुष्याचं अंतर आहे, पण ते कळायला पुस्तक उघडावं लागतं. तिसऱ्यानं श्रद्धांजलीला जोडूनच स्वतःच्या आगामी संग्रहाचं मुखपृष्ठ चिकटवलं. मी सगळ्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग मीही दोन हात जोडून टाकले.

अप्पा आणि मी घाटनांदूरच्या शाळेत एका बाकावर होतो. मी शिकत गेलो, अंबाजोगाईला मराठीचा प्राध्यापक झालो. ते दहावीनंतर वडिलांच्या किराणा दुकानात गादीवर बसले ते बसलेच. चार लोकांत ते मला सर म्हणत आणि मी त्यांना अप्पा. दोघंच असलो की मात्र मी त्यांच्यासाठी 'दत्त्या' व्हायचो आणि बोलणं 'बे'वर यायचं. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लिहायला घेतलं, तेही जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. एके दिवशी तुरीच्या डाळीच्या पिशवीत घालून ती पानं माझ्याकडे घेऊन आले. कौसल्या नावाची एक सून एका सकाळी पिठाचे हात धुऊन घर सोडते आणि माजलगावच्या बसस्टँडजवळ खानावळ काढते, एवढीच गोष्ट. "ती कशी गेली, त्येच लिवायचंय मला," ते म्हणाले. "जायचं तर समद्याच बायांच्या मनात आस्तं बे. हिचा पाय उंबऱ्याबाहीर कसा पडला... बाकी मंग भर हाय." मी वीसेक पानं चाळली, 'जबरदस्त' म्हणालो आणि पिशवी परत दिली. लिहीत राहा, असंही म्हणालो. या दोन शब्दांना काहीच लागत नाही, म्हणून ते मी पुढची अकरा वर्षं म्हणत राहिलो.

आमच्याकडे एक वेळ उसाला पाणी कमी पडेल, पण प्रोत्साहन कमी पडायचं नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी अप्पांना सांगितलं की बोलीभाषा काढून टाका, बाहेरच्या वाचकाला अडचण होते. अप्पांनी वर्षभर खपून काढली. मग एका चर्चासत्रात बोलीचे दिवस आले आहेत असं कळल्यावर हेच गृहस्थ म्हणाले, बोली घाला. अप्पांनी पुन्हा घातली. एक पुढारी होते, ते भेटतील तिथं अप्पांच्या पाठीवर थाप मारून 'आपल्या भागाचं नाव झालं पाहिजे' म्हणत आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे वळत. प्रस्तावना लिहिणाऱ्या थोर समीक्षकांनी हस्तलिखित सोळा महिने ठेवून घेतलं. शेवटी जी प्रस्तावना आली ती कुठल्याही पुस्तकाला खपली असती. तिच्यात मातीचा गंध होता, कष्टकऱ्यांची वेदना होती, फक्त कौसल्या नव्हती. अप्पांनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "दुसऱ्या कुनाची तर आली न्हाई ना ही?" मी हसलो. मोठ्या माणसांचं असंच असतं, म्हणालो.

प्रकाशन अंबाजोगाईच्या एका सभागृहात झालं. व्यासपीठावर अकरा जण, त्यातला एकच पुस्तक वाचलेला, आणि तो लेखक. रंगीत कागदातल्या प्रती सोडून त्या छातीशी धरून फोटो झाले. मग भाषणं. पुढाऱ्यांनी उसाच्या भावावर वीस मिनिटं काढली आणि शेवटी 'असेच ग्रंथ यावेत' म्हणून बसले. समीक्षकांनी स्वतःच्या आजारपणाची हकिगत सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी काय बोललो ते मला अक्षरशः आठवतंय, कारण टाळ्या त्या वाक्याला पडल्या. ही कादंबरी मी एका बैठकीत वाचून काढली, असं मी म्हणालो. अप्पा समोर पाहत होते. त्यांनी झटकन माझ्याकडे वळून पाहिलं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर कधी न दिसलेला आनंद मला दिसला.

आठवडाभरानं मी घाटनांदूरला गेलो होतो. दुकानात चहा झाला. अप्पांनी सुतळीचा गुंडा हातात फिरवत विचारलं, "कौसल्या कशी वाटली?"

"जिवंत. डोळ्यासमोर उभी राहते."

"आन माजलगावला गेली, त्ये पटलं का?"

"पटलं म्हणजे? ते प्रकरण तर पुस्तकाचा कळस आहे. शब्दसुद्धा हलवता येणार नाही."

 अप्पांनी गुंडा खाली ठेवला... मग "बरं हाय" म्हणाले आणि एका बाईला अर्धा किलो साखर द्यायला उठले. मला वाटलं, स्तुतीनं भरून आले असतील. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना माणसाचा चेहरा वाचण्याचा फार मोठा अभ्यास असतो.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, भरदुपारी, दुकानातच ते गेले. आमच्या मंडळींनी लगेच शोकसभा घेतली. तेच अकरा जण, आता दहा. भाषणंही तीच, फक्त क्रियापदं भूतकाळात. अप्पांच्या नावानं पुरस्कार सुरू करावा अशी सूचना आली आणि निवड समितीत कोण असावं यावरून दोघांची जुंपली. ते भांडण संपायच्या आत मी उठलो आणि अप्पांच्या घरी गेलो.

दुकानामागंच घर. वहिनी जोंधळे निवडत बसल्या होत्या. रडून झालेलं होतं. थोड्या वेळानं त्यांनीच विषय काढला. "तुमाला तर म्हाईत आसंल भाऊजी. ती पानं चुकल्याचं."

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. पुस्तक सोळा सोळा पानांच्या फॉर्म्यांनी बांधतात. बांधणीवाल्यानं सहावा फॉर्मा दोनदा लावला आणि सातवा लावलाच नाही. एक्याऐंशी ते शहाण्णव ही पानं दोनदा, आणि त्यापुढं एकदम एकशे तेरा. कौसल्या शहाण्णव पानावर भाकरी थापतेय आणि एकशे तेरावर माजलगावात खानावळ चालवतेय. मधे ती कशी गेली, तेवढंच गायब. सगळ्या प्रतींत. अप्पांनी प्रकाशनाच्या रात्रीच घरी येऊन पुस्तक उघडलं आणि ते त्यांना दिसलं. प्रकाशक म्हणाला, कुणाच्या लक्षात येतंय, दुसऱ्या आवृत्तीत बघू. मग अप्पा स्वतः जाऊन बांधणीवाल्याकडं पडलेले सातव्या फॉर्म्याचे सगळे कागद घेऊन आले, घड्या घातल्या, कडा कापल्या आणि गठ्ठा बांधून गल्ल्याशेजारच्या फळीवर ठेवला.

"मी म्हनलं, वाटून टाका की समद्यांना. तर न्हाई म्हनले. जो इचारत यील त्यालाच द्यायचा. रोज वाट बगायचे. फोन वाजला की आदी त्येच उचलायचे..."

"कुणी आलं?"

"एक आली. तलवाड्याची अंगनवाडीची बाई. दोन गाड्या बदलून आली. दारात उभी राहून म्हनली, दुकानदार, कौसल्या माजलगावला कशी गेली ओ? मला झोप न्हाई. बाजारचा दिवस, पर यांनी दुकान बंद केलं, तिला जेवू घातलं. त्या दिवशी लई बोलले." वहिनींनी सूप खाली ठेवलं. "मला काय वाचता येत न्हाई. तुमी तर एका बैठकीत वाचलीया. सांगा की, कशी गेली ती?"

मी पाणी मागितलं. मग काहीतरी काम सांगून निघालो. वहिनींपुढं मला खोटं बोलवेना आणि खरं बोलायची माझ्यात हिंमत नव्हती. बाकीच्या ज्या नऊ जणांची मी या लेखात खिल्ली उडवली, त्यांच्याबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यांना अप्पांनी कळस पटला का असं विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं, फळीवर गठ्ठा ठेवून विचारलं होतं, आणि मी नसलेल्या पानांची तारीफ केली होती.

घरी येऊन मी 'चुलीपलीकडं' वाचली. चार दिवस लागले. चांगली आहे, आणि हे मी पहिल्यांदाच म्हणतोय. अकरा वर्षांत ती सुधारायला मी मदत करू शकलो असतो, तिच्यात दोन-तीन ठिकाणी ते सुधारणं राहून गेलंय, आणि ते वाचताना मला माझी शिसारी आली. शहाण्णव पानापाशी मी थांबलो. पुढं तीच पानं पुन्हा आली, मग एकशे तेरा... दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी घाटनांदूरला गेलो. वहिनी आता गादीवर बसत होत्या. मी पायरीवर उभा राहिलो आणि विचारलं, "वहिनी, कौसल्या माजलगावला कशी गेली?"

 त्यांनी फळीवरचा गठ्ठा काढला, सुतळी सोडली आणि सगळ्यात वरचा फॉर्मा माझ्या हातात दिला. कोपऱ्यात पेन्सिलीनं 'दत्त्या' लिहिलं होतं.

"तलवाडेवालीला खालचा दिला यांनी," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं, वरचा द्या की. तर म्हनले, त्येचा मानूस यायचा हाय."

मी तिथंच डाळीच्या पोत्यावर बसलो. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. वहिनींनी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि तराजू बाजूला सारला.

"मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. "मलाबी ऐकायचंय."