माझ्या नावाचा नंबर

चौकशी केल्याशिवाय जगात एकही गोष्ट करू नये असं मानणारा, आणि चौकशी झाल्यावरही ती गोष्ट न करणारा माणूस अख्ख्या अहमदपुरात एकच आहे आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. कूलर घ्यायचा म्हणून या शेजाऱ्यांनी तीन उन्हाळे दुकानदारांचं डोकं खाल्लं आणि तिन्ही उन्हाळे माझ्या कूलरपुढे काढले. चाकूरला जायचं तर ऊन कोणत्या खिडकीला येईल हे कंडक्टरला विचारत खाली उभे राहणार, तोवर गाडी निघून जाणार.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. तेव्हापासून गृहस्थांची झोप उडाली आणि पहाटे पाचला आमची कडी वाजू लागल्याने माझीही. जेवण तुटलं, शर्ट अंगावर ढगळ झाले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की शरीरात दोष नाही, लातूरला समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याशी बोला. झालं! चार महिने रोज सकाळी मला प्रश्नपत्रिका. नुसतं बोलून माणूस बरा होतो तर औषधांची दुकानं कशाला? एकदा गेलं की जन्मभर जावं लागतं का? तिथे पलंगावर निजवतात का? लेकीच्या वयाच्या बाईला आपलं काय कळणार? तिने कुणाला सांगितलं तर? आणि आत गेल्यावर बोलायला काही सुचलंच नाही तर? मला यातलं ओ का ठो कळत नाही, हे सांगून माझी जीभ झिजली.

शेवटी मी वैतागून म्हणालो, नंबर लावा आणि हे सगळं त्या बाईंनाच विचारा. त्यांनी लावला. माझ्या नावाने.

"आपली गावभर बोंब व्हईल, सर," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं काय, तुम्हाला कोण काय म्हणतंय?"

शिवाय मोंढ्याच्या बाजारात चार जणांकडे 'सरांसाठी' चौकशीही करून आले होते. भाजीवाली मला आठवडाभर कोथिंबीर फुकट देत होती.

लातूरला आम्ही दोघेही आत गेलो. बाईंनी माझं नाव वाचून मला विचारलं, काय त्रास होतो? मी तोंड उघडायच्या आत शेजारी सुरू झाले.

"ह्यांना झोप न्हाई, मॅडम. ह्यांची बायको वारली."

माझ्या बायकोने सकाळीच आम्हा दोघांना दशम्या बांधून दिल्या होत्या. संतापाने मी खुर्चीत पुढे सरकलो. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"सकाळी चहा दोन कप करतेत. एक पितेत. दुसरा निवस्तोर बसून राहतेत, मंग तो बी पितेत. वाया घातलेलं तिला चालत नव्हतं."

एका भिंतीपलीकडे राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी खुर्चीत मागे टेकलो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?"

कधी नव्हे ते शेजाऱ्यांनी काहीच विचारलं नाही.

बाहेरच्या बाकावर बसून मी घरी फोन लावला. बायको धुणं वाळत घालत होती. काही काम होतं का, तिने त्रासून विचारलं.

"काम काही नाही," मी म्हणालो. "पण लगेच ठेवू नकोस."