आईची पट्टी सुटली तेव्हा

मोहफुलांचा गोडसर वास आला, की झाडाखाली भरलेली आमची ग्रामसभा आठवते. मोतीबिंदूने आईची नजर पार गेली होती, पण तिच्याकडे विम्याचं कार्ड नव्हतं, म्हणून आम्ही ऑपरेशनचा विचारच सोडला होता. तेव्हा सरपंचबाई उठून म्हणाल्या, "कार्ड नाई तं काय झालं? बाई तं आपल्याच गावची हाय. ग्रामपंचायत खर्च करन." साऱ्या गावाने हात वर करून होकार दिला. पंचायतीने करून दिलेल्या जीपने मी आईला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशननंतर पट्टी सुटली, तशी आई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काऊन इतकी सुकली वं पोरी?" आता आई नाही, आणि माझा चेहरा बघून असं विचारणारंही कुणी नाही.