गावानं खोडलेलं नाव

ग्रोपेरां घराण्यात राजकारण नाकासारखं, जन्मतःच मिळतं. एव्हरारच्या आजोबांनी राष्ट्रवादी पक्ष आमच्या भागात आणला, वडील जन्मभर पॅरिसच्या संसदेत बसले, आणि एव्हरार तिशी उलटायच्या आत युरोपच्या संसदेत, स्ट्रासबूरला गेला. तिथे बसून युरोपच नको म्हणून भांडायचं आणि पगार मात्र तिथलाच घ्यायचा. माझ्या कॅफेत यावर लोक पोट धरून हसायचे, आणि मतं त्यालाच द्यायचे. परदेशी लोकांनी देश बुडवला असं तो म्हणाला की सगळे माना डोलवायचे. आमच्या गावात परदेशी म्हणजे एक पोर्तुगीज गवंडी, आणि चर्चचं गळकं छप्पर त्यानंच दुरुस्त केलं होतं. पण हे बोलून दाखवायचं कोणी? माझंही गिऱ्हाईक त्यांच्यातलंच.

एव्हरारला एकच गोष्ट सलायची. बापाच्या नावावर जगतो, असं वर्तमानपत्रं लिहायची. म्हणून त्यानं गावच्या कौन्सिलला उभं राहायचं ठरवलं. "इथे मला लहानपणापासून ओळखतात," तो मला म्हणाला. "ही जागा माझी स्वतःची असेल." तो हे अगदी मनापासून बोलत होता. मला त्याचं कौतुकच वाटलं.

आमच्यासारख्या लहान गावात तेव्हा मतपत्रिकेवर सगळ्यांची नावं एकाखाली एक असायची, आणि नको त्या नावावर रेघ ओढायची मुभा होती; निम्म्याहून जास्त पत्रिकांवर रेघ आली की तो माणूस पडला. यादी तर एकच होती. निवडून येणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

संध्याकाळी मोजणीला फिर्मां पत्रिका वाचायला बसला. जन्मभर गावची गटारं साफ केलेला माणूस, आवाज खणखणीत. एव्हरार दाराशी सूट घालून उभा होता. पहिल्या काही पत्रिकांवर एकही रेघ नव्हती, मग एव्हरारच्या नावावर रेघा सुरू झाल्या, आणि फिर्मांचा आवाज बारीक होत गेला. यादीतले सगळे निवडून आले, एकटा एव्हरार सोडून.

रिवाजाप्रमाणे सगळे माझ्याकडे वाइन प्यायला आले. एव्हरारनं हसतच फिर्मांला विचारलं, "काका, तुम्हीसुद्धा?"

"हो रे बाबा. तिकडे जाऊन ओरडायला तूच हवास. पण गटार तुंबलं तर मी काय स्ट्रासबूरला हाक मारू?"

लोक हसले. एव्हरारनं शेजारी बसलेल्या आईच्या खांद्यावर हात ठेवला. निदान घरचं एक मत तरी पक्कं, असं काहीतरी तो म्हणाला.

आईनं, सोलांजबाईंनी, ग्लास खाली ठेवला. "मीही खोडलं."

"आई?"

"या घरात कधी कुणी हरलंच नाही, एव्हरार. तुझे वडील एकदा जरी हरले असते तर घरी आले असते. शेवटी आले ते शवपेटीतूनच. मला वाटलं, तू तरी एकदा हर. आता चार दिवस राहा माझ्याकडे."

एव्हरारनं आईच्या दोन्ही गालांची पापी घेतली, उद्या सोमवारी सकाळी महत्त्वाची बैठक आहे म्हणाला, आणि गाडीत बसून निघून गेला. मला त्याचा असा संताप आला की त्याचा ग्लास धुवायलाही हात होईना.

पुढच्या निवडणुकीत तो आणखी मोठ्या फरकानं स्ट्रासबूरला गेला. आमच्या गावानंही भरभरून मतं दिली. सोलांजबाई त्या दिवशी घराबाहेर पडल्या नाहीत.