उपाशी माणसाला सुई नाही

पंचशीलाच्या जिभेला धार आहे, हे आमच्या बीदरच्या रक्तपेढीत सगळे जाणतात. नोंदणीच्या टेबलावर मी अकरा वर्षं तिच्या शेजारी बसतोय. तिने मलाही सोडलेलं नाही. औरादकडच्या शेतमजूर रामरावांची ही लेक. पण रक्त तपासण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही.

गेल्या श्रावणात सोमवारी सकाळी राजेश्वर गावाकडून ट्रॅक्टर उलटल्याची केस आली. आठ वर्षांची भुवना, पोटात रक्तस्राव. तिच्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, त्या लगेच ऑपरेशनला गेल्या. आणखी तीन तरी पाठवा, असा डॉक्टरांचा निरोप आला.

तासाभरात टेम्पो भरून गाव आलं. पंचशीलाने पहिल्याच गड्याला विचारलं, "सकाळपासून काय खाल्लाव?"

"काय न्हाई अक्का. सोमवार हाय."

अख्खा टेम्पो उपाशी! माझं डोकंच फिरलं. उपाशी माणूस रक्त देता देता चक्कर येऊन पडतो, म्हणून आम्ही त्याला सुई लावत नाही.

"आदी खावा," ती म्हणाली.

"आता तर पोरीसाठीच उपास धरलाव," ट्रॅक्टर चालवणारा निंगप्पा रडवेला झाला. "मोडला आन् तिचं काय झालं तर?"

कुणी हलेना. मी ओरडणारच होतो, पण पंचशीलाने मला हातानेच गप्प केलं आणि आपला डबा उघडून टेबलावर ठेवला. "तिला तुमचा उपास नको, रक्त पायजे. पाप लागलं तर माझ्या नावावर लावा."

मागून सत्तरीचे हावगेप्पा पुढे आले. चाळीस वर्षांत या माणसाने श्रावणी सोमवार मोडलेला नव्हता. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. मग काय, कॅन्टीनमधलं उप्पीट दहा मिनिटांत संपलं.

निंगप्पासकट चौघांचा गट जुळला. हावगेप्पाही बाही सारून उभेच.

"अप्पा, तुमचं वय बसत न्हाई," पंचशीला म्हणाली. "उगं मोडलाव उपास."

"ठावं हाय," ते बाही खाली घेत म्हणाले. "मी खाल्ल्याबिगर ही पोरं खाल्ली असती व्हय?"

पंचशीलाने उरलेला डबा त्यांच्यापुढे सरकवला. तपासण्या उरकून दुपारी पिशव्या वर ऑपरेशनला गेल्या. भुवना वाचल्याचं कळलं तेव्हा मी लाज सोडून रडलो. निंगप्पाने पंचशीलाचे पाय धरले.

"ऊठ," ती खेकसली. "तीन महिन्यानं परत ये. जेवून ये."