सोड्यात धुतलेला पुरावा

इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला, की माझी तरुणपणची अक्कल आठवते. चांद्याच्या कोळसा खाणीतून नवरा खोकत साखरखेर्ड्याला परतला होता. खाणकामगारांच्या आजाराची चौकशी करणारे सरकारी साहेब घरी येणार म्हणून मी शहाणीने त्याचे काळेकुट्ट कपडे सोड्यात उकळून, पांढरेशुभ्र करून दोरीवर मिरवले.

साहेब म्हणाले, “इथे तर कोळशाचा कण दिसत नाही. खोकला विडीचा असेल.”

डोक्यावरचा पदर घसरला, तो मी सावरलाच नाही. नवऱ्याच्या काळ्या थुंकीचं भांडं साहेबांपुढे आदळलं. “कपडे म्या धुतले, साहेब. ह्यायची छाती धुवाले कोणता सोडा आणू? लिहा!”

साहेबांनी पेन उघडलं. मागून सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, आता सायबाले चहा दे. साखर जास्त टाक, तोंड कडू झालं असन त्याचं.”